‘खरी पोर्शे नव्हे’ : ९२४ ची पार्श्वभूमी

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बाजारात पोर्शे ९११ सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली, त्याला बरीच वर्षं झाली. बॉनेटवर तेच चिन्ह असलेली ९२४ मात्र युरोप-अमेरिकेत अजूनही त्या मानाने किरकोळ पैशांत मिळते. का, असं विचारलं की ठरलेला टोमणा ऐकू येतो : ती काही खरी पोर्शे नव्हे, व्हॅनचं इंजिन लावलेली फोक्सवॅगन आहे. यात थोडं तथ्य आहे आणि बराच आकस.

मुळात ही गाडी पोर्शेने स्वतःसाठी बनवलीच नव्हती. त्याआधीची ९१४ ही पोर्शे आणि फोक्सवॅगन या दोन्ही कंपन्यांची भागीदारीतली गाडी. फोक्सवॅगनचे प्रमुख हाइन्रिख नॉर्डहॉफ आणि पोर्शेचे प्रमुख फेरी पोर्शे यांनी तिचा व्यवहार तोंडी ठरवला होता. १९६८ मध्ये नॉर्डहॉफ वारले. त्यांच्या जागी आलेले कुर्ट लोट्झ यांनी तो शब्द स्वतःवर बंधनकारक मानला नाही, आणि १९६९ मध्ये बाजारात आलेली ९१४ पोर्शेला अपेक्षेपेक्षा महाग पडली. तरी संबंध तुटले नाहीत. १९७२ च्या सुमारास फोक्सवॅगनने पोर्शेला नवं काम दिलं, ‘ईए ४२५’ नावाचा प्रकल्प. स्वस्तातली स्पोर्ट्‌स कार हवी होती, आणि अट अशी की जास्तीत जास्त भाग फोक्सवॅगन-ऑडीच्या चालू गाड्यांमधले वापरायचे.

ही अट पोर्शेच्या इंजिनिअरांनी कशी पाळली, हे बघण्यासारखं आहे. १९८४ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन ऑडीकडून आलं. त्याच जातीचं इंजिन फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही बसत होतं, टोमण्याचा उगम तोच. स्टिअरिंग गोल्फचं, मागचं सस्पेन्शन बीटलच्या घराण्यातलं, मागचे ब्रेक चक्क ड्रमचे. पण मांडणी पूर्णपणे पोर्शेची. इंजिन आणि क्लच पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, आणि दोघांना जोडणारी भक्कम नळी, म्हणजे टॉर्क ट्यूब. तिच्या आत जेमतेम २० मिलिमीटर जाडीचा शाफ्ट इंजिनच्या वेगाने फिरत राहतो. यामुळे गाडीचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलं गेलं. इंजिन मागे असलेल्या ९११ ची वळणावर शेपूट सुटण्याची जी धास्ती असे, ती इथे नाही. बाहेरचं रूप हार्म लागाय या तरुण डच डिझायनरचं : उघडमीट होणारे हेडलाइट, मागे मोठी काच, वाऱ्याला फारसा अडथळा नाही. १२५ अश्वशक्तीवर गाडी ताशी २०० किलोमीटर गाठायची ती या आकारामुळेच.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. १९७४ मध्ये फोक्सवॅगनला जबर तोटा झाला. त्याच वर्षी तिची स्वतःची शिरॉको बाजारात आली होती, दुसऱ्या स्पोर्ट्‌स कारची हौस परवडणारी नव्हती. प्रकल्प पोर्शेने विकत घेतला. गाडी मात्र बांधायची ठरली जर्मनीतल्या नेकार्झुल्ममध्ये, पूर्वीच्या एनएसयू या मोटार कंपनीच्या आणि तेव्हा ऑडीकडे आलेल्या कारखान्यात. तो कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता, १९७५ मध्ये तिथल्या कामगारांनी त्याविरुद्ध शेजारच्या हाइलब्रॉन शहरावर मोर्चाही काढला होता. त्याच वर्षाअखेर ९२४ चं उत्पादन सुरू झालं आणि कारखान्याला काम मिळालं. टोमणा मारणाऱ्यांना आणखी एक मुद्दा मिळाला : ही तर ऑडीच्या कामगारांनी जोडलेली.

अमेरिकेत तिची अवस्था अधिक वाईट. तिथल्या धुराच्या नियमांपायी सुरुवातीच्या गाड्यांची ताकद ९५ अश्वशक्तीवर आली. त्या काळी एएमसी या अमेरिकन कंपनीच्या ग्रेमलिन या साध्या छोट्या गाडीलाही याच जातीचं इंजिन मिळालं. नाव खराब व्हायला आणखी काय लागतं?

गंमत अशी की ‘खऱ्या’ पोर्शेची कसोटी लावायची तर १९४८ ची ३५६ सुद्धा नापास होईल. तिचं इंजिन आणि सस्पेन्शन बीटलमधूनच घेतलेलं होतं. पण हे कुणी बोलत नाही, कारण ३५६ ही ९११ ची पूर्वज.

आणि ९११ चं माहात्म्य पुढे वाढतच गेलं. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एर्न्स्ट फुरमान यांच्या मनात होतं की ९११ हळूहळू संपवावी आणि पुढे इंजिन असलेल्या ९२८ ने तिची जागा घ्यावी. १९८१ मध्ये पीटर शुट्झ आले. त्यांना इंजिनिअरिंग प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीत एक आलेख दिसला, त्यात ९११ ची रेघ त्याच वर्षी थांबत होती. शुट्झनी मार्कर उचलून ती रेघ कागदाबाहेर भिंतीवर ओढत नेली, असं ते स्वतः सांगत. ९११ वाचली आणि पोर्शे म्हणजे ९११ हे समीकरण पक्कं झालं. दीड लाखाच्या आसपास ९२४ विकल्या गेल्या, तिच्याच सांगाड्यावर पोर्शेचं स्वतःचं २.५ लिटरचं इंजिन बसवून झालेली ९४४ ऐंशीच्या दशकात जोरात खपली, १९८० मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत ९२४ कॅरेरा जीटीपी सहावी आली. तरी ‘खरी पोर्शे नव्हे’ हा शिक्का पुसला गेला नाही.

आज विकत घेणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं. किंमत ९११ सारखी चढलेली नाही, आणि ज्यांची चेष्टा झाली त्या फोक्सवॅगन-ऑडीच्या भागांमुळे दुरुस्तीचा खर्च आटोक्यात राहतो. दोन लिटरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, ९४४ मध्ये त्याच बिघाडात इंजिन जातं. डॅशबोर्ड उन्हाने तडकतो, पण त्याने गाडी थांबत नाही. खिसा रिकामा करतो तो क्लच : प्लेट बदलायची तर आधी मागचा गिअरबॉक्स आणि टॉर्क ट्यूब सोडवावी लागते, आणि मजुरी प्लेटच्या किमतीवर कडी करते. म्हणून घेण्याआधी क्लच कधी बदलला याची पावती मागावी. माझ्या मते इतर सगळ्या तपासण्यांपेक्षा ती महत्त्वाची.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही हौस सोपी आहे. तिथे तीस वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला ‘एच’ नंबरप्लेट मिळते, ठरावीक वार्षिक कर भरून ती रोज वापरताही येते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. पहिल्या ९२४ आता त्या वयाला पोचल्या आहेत. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला न्यायची सोय नाही, आणि ९२४ ची खरी मजा तर तीच.