एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी

परवा दादरहून स्लो लोकल पकडली. समोर इंजिनिअरिंगच्या दोन मुली. "एम-थ्रीला परत केटी लागली गं. माझं डोकंच गणिताचं नाही." म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात पुन्हा नापास. मला राहवलं नाही. म्हटलं, एका कॉलेजात एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या वि, प्राध्यापकांची प्र. समीकरण मांड बघू.

सायन यायच्या आत तिने जर्नलच्या मागच्या पानावर लिहिलं: ६वि = प्र.

आता प्र १० धरा. विद्यार्थी झाले ६०. मग ६ गुणिले ६० बरोबर १०? ती स्वतःच हसली.

ही चूक तिच्या एकटीची नाही. १९८०च्या सुमारास गणितशिक्षणाचे अभ्यासक जॉन क्लेमेंट यांनी अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना हेच कोडं घातलं. ३७ टक्के चुकले आणि त्यातल्या बहुतेकांनी असंच उलटं लिहिलं. आकडेमोड तर इथे नाहीच. मग अडतं कुठे?

एक, आपण वाक्यातल्या शब्दांच्या क्रमाने चिन्हं मांडत जातो. 'six times as many students as professors' या इंग्रजी वाक्यात आधी सहा, मग विद्यार्थी, मग प्राध्यापक असा क्रम येतो, म्हणून ६वि = प्र. मराठीत गंमत आहे. 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी' म्हटलं, तर क्रमाने जाणाराही प्र × ६ = वि असंच लिहील, म्हणजे बरोबर! पण 'एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी' म्हटलं की घोटाळा: प्र = ६वि. दोन, आपण चित्र काढतो: इकडे सहा मुलं, तिकडे एक मास्तर, मध्ये बरोबरचं चिन्ह. या चित्रात वि ही संख्या उरत नाही, ती '६ मी.' मधल्या 'मी.'सारखी चिठ्ठी होते. खरं तर ६ ही एक क्रिया आहे: लहान संख्येला सहाने फुगवा, तेव्हा ती मोठीएवढी होते. वि हे प्रचं फलन, म्हणजे प्र ठरला की वि ठरतो; चढ ६, म्हणजे प्र एकाने वाढला की वि सहाने वाढतो. आलेख काढलात तर आरंभबिंदूतून जाणारी रेषा मिळेल.

अर्थ न समजता चिन्हं हलवणं इतरत्रही दिसतं. वैदिक गणिताच्या क्लासात सूत्र लावून ९८ × ९७ = ९५०६ चुटकीसरशी येतं. ती सूत्रं वेदांत नाहीत, हे टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेतले गणितज्ञ एस. जी. दाणी यांनी कधीच दाखवून दिलंय. माझी तक्रार वेगळी आहे. (१०० − २)(१०० − ३) सोडवलं की युक्ती उघडी पडते, आणि नेमकं तेच कुणी सोडवून दाखवत नाही.

गणिताच्या भीतीचं म्हणाल, तर अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये विद्यार्थ्यांना काही अक्षरं लक्षात ठेवून बेरजा करायला लावल्या. गणिताची धास्ती असलेले हातच्याच्या बेरजांत जास्त घसरले. हातचा ठेवायला मनात जागा लागते, ती धास्तीने आधीच अडवलेली.

लोकलमधल्या दुसऱ्या मुलीला मी तेच कोडं 'सहापट' म्हणून घातलं. तिने पटकन ६प्र = वि लिहिलं. दोघींवरून काही सिद्ध होत नाही म्हणा. घाटकोपरला उतरता उतरता पहिली वळली.

"काका, आमच्याकडे एकामागे ऐंशी आहेत. म्हणजे ऐंशी प्रला चिकटवायचे ना?"