झाडाचं वजन येतं कुठून?

‘झाडं मुळांवाटे मातीतून अन्न घेतात’ हे वाक्य शाळेत प्रकाशसंश्लेषण शिकलेल्यांच्याही तोंडी असतं. खताच्या पिशवीवर ‘झाडांचं अन्न’ असं छापलेलं पाहिलं की हा समज आणखी घट्ट होतो. मुळं शोषतात ते पाणी आणि नत्र, स्फुरद, पालाश यांचे क्षार. त्यांच्याविना झाड खुरटतं, मरतंही. पण त्यांतून ऊर्जा मिळत नाही, म्हणून ते अन्न नव्हे.

सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट यांनी सुमारे 90 किलो कोरड्या मातीत सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं. 5 वर्षांत झाड 76 किलोंच्या पुढे गेलं. माती घटली अवघी 57 ग्रॅम! ही सारी वाढ पाण्यातून झाली, असं त्यांना वाटलं. त्यांचं हे लेखन त्यांच्या निधनानंतर 1648 मध्ये प्रसिद्ध झालं. खरं तर लाकडातला कार्बन हवेतून येतो, आणि हवेच्या दर 10,000 रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे असतात जेमतेम 4.

एवढ्या विरळ वायूला पकडतं रुबिस्को नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. पाच कार्बनच्या एका शर्करेला ते कार्बन डायऑक्साइड जोडतं. तयार होणारा सहा कार्बनचा रेणू टिकत नाही. लगेच फुटून तीन-तीन कार्बनचे दोन रेणू होतात. उन्हाच्या जोरावर बनलेले एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहणारे रेणू मग त्यांची साखर घडवतात. भाकरी, भात, फळं, सगळ्यांची सुरुवात इथे आहे. रुबिस्को मात्र विलक्षण संथ आहे. कित्येक विकरं सेकंदाला हजारो रेणू हाताळतात, हे साधारण 3 ते 10. शिवाय ते चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि झाडाची मेहनत वाया जाते. म्हणूनच पानांत ते प्रचंड प्रमाणात भरलेलं असतं.

याच ओघात एक सांगायला हवं. ‘अमुक झाड रात्रीही ऑक्सिजन सोडतं’ हा दावा खोटा आहे. हा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून येतो आणि तो फोडायला प्रकाश लागतो. निवडुंगासारख्या वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतात, ऑक्सिजन सोडत नाहीत.

मका आणि उसाने रुबिस्कोच्या चुकीवर तोड काढली आहे. त्यांच्या पानांत दुसरं एक विकर आधी कार्बन पकडतं. तो शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडला जातो. तिथे कार्बन डायऑक्साइड इतका दाटतो की रुबिस्कोला ऑक्सिजन क्वचितच सापडतो.