अराक्नीचा माग आणि वाघाचं कातडं

सुट्टीच्या शिबिरात मुलांनी बसवायच्या नाटकाचं नाव ठरायच्या आधीच पालकांचा प्रश्न आला: सोलापुरात ग्रीक पुराण कशाला? नाटकात अराक्नी नावाची विणकर पोर आहे आणि तिच्या भोवती गाढव, कोल्हा, बेडूक अशी गोष्टीतली जनावरं. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र जरा लांबून येतं.

जनावरांपासून सुरुवात करू. इसाप सामोस बेटावरचा गुलाम होता, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. त्याच्या नावावरच्या गोष्टी मराठीत छापून आल्या त्या अगदी सुरुवातीलाच. १९व्या शतकाच्या आरंभी तंजावरला सर्फोजीराजांच्या छापखान्यात आणि मग मुंबईत १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या हातून. म्हणजे मराठी मुलांसाठी छापलेल्या पहिल्यावहिल्या पुस्तकांतच ग्रीक कोल्हा होता. इसापाचं गाढव सिंहाचं कातडं पांघरतं, पंचतंत्रातलं वाघाचं. ओरडून दोघंही पकडली जातात. कोणी कोणाचं उचललं यावर पंडित भांडोत. आमच्या मुलांनी वाघच घेतला, कारण पट्टे रंगवायला सोपे.

जनावरांचे मुखवटे घालून नाटक करणं हेही अथेन्सला जुनंच. तिथल्या अ‍ॅरिस्टोफेनिस या नाटककाराने इसवी सनापूर्वी ४१४ मध्ये पक्ष्यांचा आणि ४०५ मध्ये बेडकांचा कोरस, म्हणजे गाणारा ताफा, रंगमंचावर आणला. ती नाटकं मोठ्यांची, आणि बरीच चावट. आपल्याकडे मुलांच्या रंगभूमीला वेगळी चूल मिळाली ती १९५९ साली, सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमुळे. पहिलं बालनाट्य संमेलन भरलं ते मात्र मुंबई-पुण्यात नव्हे, २०१५ साली आपल्या सोलापुरात, कांचन सोनटक्के अध्यक्ष असताना.

आणि ग्रीक? शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव येतं: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट, तिथून भडोच बंदराकडे जाणारा माल म्हणजे कापड, जाडंभरडंही आणि मलमलही. इथल्या कापडाची खबर ग्रीकांना दोन हजार वर्षांपूर्वीच होती.

म्हणूनच अराक्नी. ही गोष्ट सविस्तर सांगितली ती रोमन कवी ओव्हिडने. रंगाऱ्याची पोर, विणकामात इतकी तरबेज की ‘मला अथेनादेवीने शिकवलं नाही’ म्हणाली. अथेना ही विणकामाची ग्रीक देवी. दोघींची पैज लागली. अराक्नीने कापडात देवांच्याच लबाड्या विणल्या आणि त्यात एक दोष निघेना. चिडून अथेनाने कापड फाडलं, पोरीच्या कपाळावर धोटा, म्हणजे आडवं सूत ओवायचं मागाचं साधन, हाणला. पुढचा गळफास आम्ही गाळला. ती जाळं विणणारा कोळी झाली, एवढं ठेवलं.

ज्या शहरात विणकरांचा पद्मशाली समाज नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतो आणि त्याच्या मुलाने, भावनाऋषीने, कमळाच्या तंतूंचं पहिलं कापड विणलं असं सांगतो, तिथे ही गोष्ट समजवावी लागत नाही. समजवावा लागला तो माग. ग्रीकांचा माग उभा, ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोकांना मातीची वजनं बांधलेली. आपला खड्डामाग आडवा, विणकर पाय खड्ड्यात सोडून बसणार. आम्ही एक बाज उभी केली आणि तिला चादरीचं उरलेलं सूत बांधलं.

पण खरी अडचण धोट्याची निघाली. घरी माग असलेली एक मुलगी तालमीत अडून बसली: ‘‘सर, धोटा उगारायचा नसतो. खंडेनवमीला पूजा असते त्याची.’’ ओव्हिडचं काही चाललं नाही. अख्खी संध्याकाळ वाद घालून ठरलं की अथेना नुसतं बोट रोखेल. धोटा बाजेच्या सुतातच अडकवून ठेवलाय, प्रयोगाच्या शेवटापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही.