स्क्रीन रीडरच्या साहाय्याने डिस्क क्लोनिंग

लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कवरील विंडोज, प्रोग्रॅम, फायली आणि संगणक सुरू करणारे लपलेले विभाग हे सारे जसेच्या तसे नव्या एसएसडीवर (चिपवर चालणाऱ्या वेगवान डिस्कवर) उतरवण्याचे, म्हणजेच क्लोनिंगचे, काम दृष्टिहीन व्यक्तीने केवळ ऐकून, स्वतः करण्याच्या पद्धती. नव्याने विंडोज टाकण्यापेक्षा क्लोन दृष्टिहीनांना अधिक सोयीचा ठरतो. पडद्यावरचे बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, त्याचा आवाज, बोलण्याचा वेग आणि वर्षानुवर्षे जमवलेला उच्चारकोश (कोणता शब्द कसा उच्चारायचा याची यादी) हे सारे क्लोनबरोबर येते. नवी डिस्क बसवून लॅपटॉप सुरू केला की तो ओळखीच्याच आवाजात बोलू लागतो.

नक्कल करण्याच्या मूळ कामाला डोळ्यांची गरज नसते. एका डिस्कवरचे बाइट दुसरीवर जातात, इतकेच. अडते ते प्रोग्रॅमच्या दर्शनी भागापाशी. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही. ‘हे काय आहे, याचे नाव काय, ते निवडलेले आहे का’ असे तो प्रोग्रॅमला विचारतो आणि मिळालेले उत्तर वाचून दाखवतो. क्लोनिंगच्या अनेक प्रोग्रॅममध्ये डिस्क म्हणजे रंगीत पट्ट्या असतात आणि त्या माउसने ओढायच्या असतात. त्यांना आतून नावच दिलेले नसेल, तर ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला मोफत स्क्रीन रीडर एनव्हीडीए असो की महागडा जॉज, दोघेही गप्प बसतात. बटणाला नाव नसणे एरवी नुसते त्रासाचे. इथे मात्र स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळे पुसले जाते.

म्हणून पहिली पसंती विंडोज चालू असतानाच होणाऱ्या क्लोनला द्यावी. विंडोजमधील शॅडो कॉपी ही सोय डिस्कची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवते, त्यामुळे चालू संगणकाचीही नक्कल घेता येते आणि आवाज शेवटपर्यंत सोबत राहतो. यासाठी अनेकांच्या वापरात असलेल्या मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीला २०२३ अखेरपर्यंतच आधार होता. कोणताही प्रोग्रॅम घेण्याआधी त्याची चाचणी आवृत्ती उतरवून टॅबच्या कळीने सर्व बटणांवरून एक फेरी मारावी. दहा मिनिटांत निकाल लागतो.

विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम इमेजचा (संपूर्ण प्रणालीची साठवलेली प्रत) मार्ग लांबचा आहे. इमेज आधी तिसऱ्या डिस्कवर घ्यायची, एसएसडी बसवायची, रिकव्हरी पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा आणि इमेज परत उतरवायची. या रिकव्हरीच्या वातावरणात विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबून विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर सुरू करता येतो. तिथे प्रत्येक लॅपटॉपचा साउंड ड्रायव्हर चालेलच असे नाही, म्हणून जुनी डिस्क जागेवर असतानाच एकदा आवाज येतो का ते पाहून घ्यावे.

लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा मार्ग जुन्या जाणत्यांचा. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून ऑल्ट, विंडोज आणि एस या कळा दाबल्या की ऑर्का हा स्क्रीन रीडर बोलू लागतो. मग टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘डीडी’ ही आज्ञा एका ओळीत काम करते. चित्र नाही, पट्ट्या नाहीत, सगळा मजकूर. ऐकणाऱ्याला याहून सोपे काय हवे? पण ही आज्ञा ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही. प्रगती दाखवायला सांगितले, तर दर सेकंदाला आकडे बदलत राहतात आणि स्क्रीन रीडरची बडबड थांबत नाही, तेव्हा ती सोय बंद ठेवलेलीच बरी. डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे. ते वाचता न येणारे भाग मागे ठेवून आधी चांगला भाग वाचवते.

पेनड्राइव्हवरून सुरू करणे म्हणजे बायोसशी, विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमशी गाठ, आणि बायोस मुका असतो. त्याला वळसा घालता येतो: विंडोजच्या सेटिंगमधील ॲडव्हान्स्ड स्टार्टअपमध्ये ‘यूज अ डिव्हाइस’ निवडले की बहुतेक नव्या लॅपटॉपवर बायोसमध्ये न शिरता काम होते.

संगणक आणि पडदा दोन्ही टाळायचे असतील, तर दोन खाचांचा क्लोनिंग डॉक मिळतो. एका खाचेत जुनी डिस्क, दुसरीत नवी, बटण दाबून धरायचे. प्रगती मात्र दिव्यांनी कळते, म्हणून वेळेचा अंदाज हाताशी हवा: ५०० जीबी मजकूर सेकंदाला १०० एमबी वेगाने जायला सुमारे ८३ मिनिटे लागतात. स्रोताच्या खाचेला ब्रेल पट्टी किंवा रबरी ठिपका आधीच चिकटवून ठेवावा. डॉक डिस्कची जशीच्या तशी नक्कल करतो, त्यामुळे नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते. ५०० जीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, ४८० ची एसएसडी ४४७. म्हणजे दुकानात जवळजवळ सारख्या वाटणाऱ्या या जोडीत क्लोन मावत नाही.

पद्धत कोणतीही असो, डिस्क ओळखावी ती ‘डिस्क ०, डिस्क १’ अशा क्रमांकाने नव्हे, तर मॉडेल आणि सिरियल नंबरने. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीतील ‘गेट-डिस्क’ ही आज्ञा हे दोन्ही साध्या मजकुरात देते. सिरियल नंबर अक्षर-अक्षर ऐकावा. डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय चालू असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी जपून ठेवावी, कारण ती मागणारा पडदा विंडोज सुरू होण्यापूर्वी येतो आणि तोही बोलत नाही.

डिस्क बदलण्याचे काम हातांना बरे जमते. साटा या प्रकारच्या डिस्कच्या जोडाला एल अक्षरासारखी खाच असते, ती बोटाला लागते आणि उलटी बसत नाही. एम.२ या पट्टीसारख्या एसएसडीचा स्क्रू इतका बारीक असतो की खाली ताट ठेवून काम करावे.

जुनी डिस्क काही आठवडे तशीच ठेवावी. ती पुढे यूएसबीने जोडली, तर फाइल एक्सप्लोररमध्ये दिसणारही नाही, कारण दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच असल्याचे पाहून विंडोज तिला ऑफलाइन ठेवते. ‘डिस्कपार्ट’ या विंडोजच्या आज्ञेने ती ऑनलाइन केली की तिच्यावर नवी ओळखखूण लिहिली जाते. त्यानंतर त्या डिस्कवरून लॅपटॉप सुरू होईलच, याचा भरवसा उरत नाही.