कचरा वर्गीकरण (मुंबई)

घरात किंवा कचेरीत कचरा तयार होतो तिथेच तो ओला, सुका आणि घातक असा वेगळा ठेवण्याची पद्धत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली.

खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो आणि तो शेजारच्या सुक्यालाही नासवतो. रस्सा सांडलेला पुठ्ठा कागद गिरणीच्या कामाचा राहत नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो. आत दूध आंबले असेल तर ती डम्पिंगला जाते. तिथे हवेवाचून कुजणाऱ्या अन्नातून ज्वालाग्राही मिथेन सुटतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या क्षेपणभूमीला लागलेल्या आगीचा धूर शहराने कित्येक दिवस सोसला.

सुक्या कचऱ्याची पुढची निवड मुख्यतः कचरावेचक बायका करतात. स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ उपक्रमातून त्यांना संघटित केले, प्रशिक्षण दिले. निवडलेला माल भंगाराच्या दुकानांतून धारावीच्या तेरा कंपाऊंडसारख्या ठिकाणी पोहोचतो. तिथे प्लास्टिक रंग आणि प्रकारानुसार वेगळे होते, दळले-धुतले जाते आणि त्याचा दाणा बनतो. घरात डबा चुकला की या बायकांचे हात खरकट्यात जातात. फुटलेली काच आणि सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून, वर खूण करून वेगळे द्यायचे ते त्यांच्यासाठीच.

कचेऱ्यांत प्रत्येक टेबलाखाली एक डबा असतो आणि त्यात चहाचा कप, केळ्याची साल, छापील कागद सगळे एकत्र पडते. ते डबे काढून पँट्रीजवळ ओल्या-सुक्याची सामाईक जोडी ठेवणे जास्त उपयोगी. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो रद्दीत घालू नये. मोबाइलची बॅटरी तर कोणत्याच डब्यात नको. दाबली गेली की पेट घेते. ती ई-कचरा संकलनाकडेच द्यावी.

‘गाडीत सगळे एकत्रच होते’ ही तक्रार काही ठिकाणी खरी आहे. मात्र स्वच्छ सुका माल गाडीत टाकावाच लागत नाही. सोसायटीत त्यासाठी कोरडी जागा राखली, तर सफाई कामगार तो साठवून थेट भंगारात विकू शकतो.