‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’: ओळखा पुस्तक!

परवा एका मित्राने कोडं घातलं. एका गाजलेल्या कादंबरीत सर्वांत जास्त वेळा आलेले पाच शब्द सांगतो, कादंबरी ओळख. शब्द होते ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’, ‘तो’, ‘पण’. मी दहा-बारा नावं घेतली. तो नुसता हसत राहिला, कारण या पाच शब्दांवर मराठीतली जवळपास कुठलीही कादंबरी खपून गेली असती.

जो शब्द लेखकाने सर्वांत जास्त वापरला तोच पुस्तकाचा गाभा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात यादीचा वरचा भाग किरकोळ शब्दांनीच भरलेला असतो. हार्वर्डच्या जॉर्ज झिप्फ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, तिसरा तिसऱ्या हिश्श्याने. ब्राउन विद्यापीठाने जमवलेल्या दहा लाख इंग्रजी शब्दांत ‘द’ 69,971 वेळा आला आणि ‘ऑफ’ 36,411 वेळा. अगदी निम्मा नाही, पण फार लांबही नाही.

मग पुस्तक ओळखायचं कसं? हर्मन मेलव्हिलची ‘मॉबी डिक’ घ्या. एका पांढऱ्या देवमाशाच्या मागे लागलेल्या कप्तानाची ही 1851 सालची कादंबरी. दोन लाखांवर शब्द, त्यात ‘द’ सुमारे 14,000 वेळा, ‘व्हेल’ हजाराच्या आसपास आणि कप्तान ‘एहॅब’ सुमारे 500 वेळा. ‘द’ बाजूला सारायचा हे आपल्याला कळतं, यंत्राला कोण सांगणार?

याचं उत्तर ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली दिलं, आणि ते मला बेहद्द आवडतं. शब्दाचं वजन या पुस्तकात बघून ठरवू नका, तो *इतर* किती पुस्तकांत आहे ते बघा. समजा कपाटात 1000 पुस्तकं आहेत. शब्द जितक्या पुस्तकांत सापडतो त्या संख्येने 1000 ला भागा आणि उत्तराचा दहाच्या पायाने लॉग घ्या, म्हणजे ते उत्तर दहाचा कितवा घात आहे ते बघा. त्या लॉगने शब्द या पुस्तकात जितक्या वेळा आला त्या संख्येला गुणा, हे त्याचे गुण. ‘द’ हजारही पुस्तकांत आहे. भागाकार 1, त्याचा लॉग शून्य. आता 14,000 ला शून्याने गुणा, ‘द’चा निकाल लागला! ‘व्हेल’ 100 पुस्तकांत आहे असं धरू. भागाकार 10, लॉग 1, गुण हजार. ‘एहॅब’ या एकाच पुस्तकात असेल तर लॉग 3 आणि गुण 1500. म्हणजे कप्तानाने देवमाशालाही मागे टाकलं. म्हणूनच हा खेळ खेळताना पात्रांची नावं आधी काढून टाकावी लागतात, नाहीतर कोडं कसलं!

पण लॉग कशाला, नुसता भागाकार का नाही? ‘व्हेल’ असलेलं पुस्तक हाती लागण्याची शक्यता दहात एक. ‘हार्पून’ची, म्हणजे देवमासे मारायच्या भाल्याची, तीही दहात एक समजा. दोन्ही एकत्र सापडण्याची शक्यता शंभरात एक, कारण शक्यतांचा गुणाकार होतो. आपल्याला मात्र गुणांची बेरीज हवी आहे. लॉग नेमकं तेच करतो, गुणाकाराची बेरीज करून देतो: 1 अधिक 1, म्हणजे 2. थोडक्यात, लॉग हे इथे आश्चर्याचं माप आहे. यात एक गोम आहे. जिथे व्हेल तिथे हार्पून असणारच, ते दोन शब्द एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, त्यामुळे बेरीज फुगते. तरीही शोधयंत्रांनी हे सूत्र वर्षानुवर्षं वापरलं.

मराठीत आणखी एक पंचाईत. हा प्रयोग मी एका मराठी मजकुरावर केला, तर ‘समुद्र’ पार खाली. नंतर बघितलं तर ‘समुद्रात’, ‘समुद्राला’, ‘समुद्रावरून’, ‘समुद्राच्या’ हे सगळे वेगवेगळे शब्द म्हणून मोजले गेले होते. विभक्ती सोलून मूळ शब्द काढल्याशिवाय मराठीत मोजणीला अर्थ नाही.

शब्द मोजणं वेगळं आणि अक्षरांत भविष्य शोधणं वेगळं, हेही सांगून टाकतो. बायबलमधली ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलली की राजकीय हत्यांची भाकितं मिळतात, असा दावा अमेरिकी पत्रकार मायकेल ड्रॉस्निन यांनी 1997 साली केला. वर आव्हान दिलं, ‘मॉबी डिक’मध्ये असं काही काढून दाखवा. ब्रेंडन मॅके या गणितज्ञाने काढून दाखवलं, त्यात इंदिरा गांधींची हत्याही होती! इतकी अक्षरं हाताशी असली की हवं ते सापडतं.

गंमत म्हणजे आपण शून्याने गुणून फेकलेले शब्दच लेखकाला पकडून देतात. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 1787-88 मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या 85 लेखांपैकी 12 लेख अलेक्झांडर हॅमिल्टनचे की जेम्स मॅडिसनचे, या दोन अमेरिकी नेत्यांपैकी कुणाचे, हा वाद होता. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 साली असले किरकोळ शब्दच मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. कौल मॅडिसनच्या बाजूने गेला.

आपल्याकडे ‘तुका म्हणे’ ऐकलं की कोडं सुटतं. पण बनावट करायला तीच जागा सर्वांत सोपी. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावाने खपवणारा सालोमालो परंपरेला ठाऊक आहे, आणि नाममुद्रा बदलायला एक ओळ पुरते. ‘परी’, ‘तरी’, ‘आता’ मोजून असला चोर सापडावा असं वाटतं खरं, पण हे अभंग वह्यांतून उतरवत आणि तोंडोतोंडी आपल्यापर्यंत आले, आणि उतरवणाऱ्याचा हात घसरतो तो नेमका याच शब्दांवर.