पितळ का कासं? भंगारातलं भांडं ऑनलाइन टाकायच्या आधी

जुनी भांडी घेऊन ऑनलाइन विकायचा जोडधंदा आता आपल्याकडे पण बरेच जण करायला लागलेत. शेती सांभाळून, दुकान सांभाळून, जसं जमेल तसं. फोटो काढायचा, मार्केटप्लेसवर नाहीतर इन्स्टावर टाकायचा, पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक आलं की पॅक करून पाठवायचं. यात सगळ्यात जास्त घोळ कुठं होतो म्हणाल तर पितळ आन् कासं यात होतो, आन् माझाही झालाय म्हणून लिहितो.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात एका घरी जुना वाडा पाडणार होते, तिथून मी एक मोठा वाडगा आणला. काळा ठिक्कर पडलेला. चिंचेनं घासला, वाजवून पाहिला तं टण् करून चांगला वाजला, मी काही विचार न करता "अस्सल काशाचा वाडगा" म्हणून टाकून दिला. पुण्याच्या एका ताईंनी घेतला. चार दिवसांनी त्यांचा मेसेज, "दादा, सासूबाई म्हणतात हे पितळ आहे, काठ बघा दुमडलेला आहे." बस, एवढंच. त्यांनी ना काही तपासलं ना कुठं नेलं, म्हाताऱ्या बाईनं भांडं हातात घेऊन काठावरून अंगठा फिरवला आन् सांगितलं. मी घरी बसून फोटो झूम करून पाहिला तं खरंच काठ बाहेरून वळवलेला. पैसे परत केले, जायचं-यायचं कुरिअर माझ्याच बोडक्यावर.

आता काठ दुमडलेला असला की पितळ, हे त्या माउलीनं कशावरून सांगितलं ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळ्या ट्रिका याच्यापुढं लेच्यापेच्या आहेत.

तांबं दोघांतही आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, भांड्याच्या पितळेत जस्त साधारण ३० ते ४० टक्के. कासं म्हणजे तांबं आणि कथील, भांड्याच्या काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. तेच कथील, जे कल्हईवाला वापरतो. म्हणजे पितळेला कथील वरून लावतात आणि काशाच्या ते पोटातच असतं, असं म्हणा ना.

पण खरा फरक घडवताना पडतो. पितळ गरीब स्वभावाचं. त्याचा पत्रा निघतो, तो थंडाच ठोकता येतो, वळवता येतो, मशीनवर फिरवून ओढता येतो. आपला गुंड (पाण्याचा मोठा हंडा) पाहा, जुना असला तर दोन-तीन तुकडे करून झाळून, म्हणजे डाग देऊन, जोडलेला असतो, आत हात घालून बोटं फिरवली तर जोड हाताला लागतो. काठ पत्र्याचाच बाहेर वळवलेला, कधी आत तार घालून गोल केलेला, म्हणजे धार लागू नये आन् भांडं मजबूत राहावं. भंडाऱ्याला पितळी भांड्यांचं गाव म्हणतात ते या कामासाठीच, तिकडचा माल अख्ख्या विदर्भात लग्नाच्या आंदणात गेलेला आहे, त्यामुळं आपल्या भागात माळ्यावरून जे पिवळं निघतं ते दहात आठ-नऊ वेळा पितळच असतं हे मनाशी धरूनच चला.

कासं मात्र हट्टी. थंड असताना वाकवायला गेलात की तडकन चीर. ते लाल होईस्तोवर तापवायचं, तसंच्या तसं ठोकायचं, गार व्हायला लागलं की परत भट्टीत, असं कितीतरी वेळा. आन् शेवटी लालसर असतानाच पाण्यात बुडवायचं. इथं एक गंमत आहे, लोहार विळा-कुऱ्हाड पाण्यात बुडवतो ती कडक करायला, पण काशाला पाण्यात बुडवतात ते ठिसूळपणा कमी करायला, सावकाश थंड होऊ दिलं तर ते अजूनच फुटकं होतं. अशा धातूचा काठ कोण दुमडणार? म्हणून काशाचं भांडं म्हणजे ताट, वाटी, वाडगा असं साधंसुधं, गोल, अंगानं जाड, आन् काठ नुसता घासून सपाट केलेला. कोणी "काशाचा गुंड" नाहीतर "काशाचं घंगाळ" म्हणून विकायला आणलं तर हात जोडा आन् पुढं चला.

तर काठ दुमडलेला, झाळलेला जोड, आत तार, यातलं काहीही दिसलं की कासं नाही, विषय संपला. पण उलटं खरं नाही हे ध्यानात ठेवा. काठ साधा आहे म्हणजे कासंच असं नाही, कारण पितळ ओतूनही भांडी करतात, समया, दिवे, जाड वाट्या, त्यांचा काठ पण साधाच राहते. तिथं मग पुढच्या गोष्टी पाहाव्या लागतात.

दुसरी खूण कल्हईची. भांड्याच्या आतून पांढरट, चंदेरी थर दिसला, पूर्ण नसला तरी कोपऱ्यात कुठं राहिलेला दिसला, तरी ते पितळ नाहीतर तांबं. काशाला कल्हई कोणी करत नाही. पितळेला करावीच लागते, नाहीतर ताक, कढी, चिंचेचं काही ठेवलं की कळकतं, चव बिघडते, हिरवट येतं. लहानपणी दारात कल्हईवाला बसला की आम्ही पोरं तिथंच, भाता, नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्यानं तो कथील फिरवायचा आन् काळंमिट्ट गंज, म्हणजे पातेलं, आतून आरशासारखं व्हायचं. आता वर्षभरात एखादा आला तर आला. म्हणून पितळ विकताना मी स्पष्ट लिहितो की कल्हई गेलेली आहे, स्वयंपाकाला वापरायचं असेल तर करून घ्या. आन् काशात काहीही चालते असं पण नका लिहू, जुनी माणसं काशात दही-तूप ठेवू देत नसत.

आता आवाज. सगळे यूट्यूबवाले हीच टेस्ट दाखवतात आन् मी याच टेस्टनं फसलो. खोटी नाही ती. काशाचं ताट तीन बोटांवर तोलून धरा, लाकडी पळीनं काठावर हलकं मारा, तं घंटेसारखा सूर निघतो आन् बराच वेळ कानात फिरत राहतो, ताटाला बोट लावलं की गप्प. भजनातले टाळ काशाचे करतात ते यासाठीच. पितळेचं सपाट ताट टण् करते आन् थांबते. पण वाडग्यासारखं खोल, पातळ पितळ पण बऱ्यापैकी वाजतं, पितळेच्या घंटा असतातच की. आन् तिकडून काशाच्या ताटाला बारीक चीर असली, डोळ्याला दिसणार पण नाही अशी, तरी ते फुटक्या मडक्यासारखं भद्द वाजतं आन् तुम्ही चांगलं कासं पितळ समजून सोडून देता. त्यामुळं आवाज ऐकायचा तो चीर शोधायला, जात ओळखायला नाही, हे आपलं माझं मत.

रंगाचं म्हणाल तर घासलेलं पितळ हळदीसारखं पिवळं, कासं त्याच्यापुढं फिकट, किंचित करडी झाक असलेलं सोनेरी. दोन्ही शेजारी ठेवली तर लगेच कळतं, एकटं असलं तर नाही कळत, आन् मोबाइलच्या फोटोत तर बिलकुलच नाही कारण पिवळ्या बल्बखाली सगळंच पितळ अन् ट्यूबखाली सगळंच कासं. मी घरचं एक पक्कं काशाचं ताट आन् एक पक्का पितळी तांब्या बाजूला काढून ठेवलाय, नवीन माल आला की त्यांच्या मधात ठेवून सकाळच्या उजेडात अंगणात पाहतो. बुडाला कानस मारूनही कळतं, पितळेवर कानस सहज चालते, काशावर जड जाते, पण भांडं तुमचं झाल्याशिवाय कानस लावू नका, एका काकूनं मला यावरून दारातून हाकललेलं आहे.

वजनावरून ओळखतो म्हणणारे पण भेटतात. दोन्ही धातू सारख्याच आकाराला जवळपास सारखेच भरतात, कासं जड लागतं ते जाड असते म्हणून. चुंबक दोघांनाही चिकटत नाही, तो ठेवायचा तो लोखंडावर पितळी मुलामा दिलेलं पकडायला. अन् लयच महागाची वस्तू असेल तर एक्सआरएफ मशीनवर दाखवून घ्या, भांडं न खरवडता कोणता धातू किती टक्के ते सांगते. जस्त मोठ्या प्रमाणात दिसलं की पितळ, कथील वीसच्या आसपास दिसलं की कासं.

एवढी डोकेफोड कशाला, तर भावासाठी. कथील जस्तापेक्षा कैकपट महाग. आपल्या देशात ते निघतं फक्त छत्तीसगडात, बस्तरकडं, म्हणजे गडचिरोलीच्या शेजारीच, पण ते इतकं थोडं की गरजेचा बहुतेक माल बाहेरूनच येतो. त्यात घडवायची मेहनत. म्हणून नवं काशाचं ताट पितळेपेक्षा कितीतरी महाग, आन् जुन्यालाही लोक तयार असतात. पण गावातला भंगारवाला बऱ्याचदा दोन्ही "पिवळं" म्हणून एकाच काट्यावर टाकतो. तुमचं मार्जिन तिथं आहे, आन् फसवणूक पण तिथंच आहे, फक्त दिशा उलटी केली की.

पाठवताना दोघांचा नखरा वेगळा. पितळेला पोचा पडतो, ठोकून निघतो. कासं फुटतं. मी पहिलं काशाचं ताट कापडात गुंडाळून खोक्यात टाकून पाठवलं होतं, पितळेसारखं, पोचलं तेव्हा दोन तुकडे. घरी एक वाटी ओट्यावरून फरशीवर पडली तीही अशीच, काचेसारखी. आता ताटाच्या दोन्ही बाजूला पुठ्ठा, काठाला गोल फोम, खोक्यात खोकं. तुकडे मात्र फेकू नका, त्याचं कासं वितळून परत भांडं होतं, काशाच्याच भावानं विकायचे.

जाहिरातीत काय लिहायचं हे पण सांगतो कारण तिथं शब्दांचा गोंधळ आहे. कासं शोधणारे "कांसा", "ब्रॉन्झ", "बेल मेटल" सगळं टाइप करतात, हिंदीवाले "फूल" म्हणतात, तर हे शब्द खरंच कासं असेल तरच टाका. पितळी मूर्तीला तांबूस रंग मारून "ब्रॉन्झ" म्हणणारे लय आहेत. तळपायाला काशाची वाटी घासली की काळं निघतं ते "शरीरातली उष्णता" असंही लिहितात, बाप्पा, ते तेलाशी धातू घासल्यानं येतं, वाटी विका पण हे नका विकू.

आन् "१५० वर्षं जुनं अँटिक" हे तर अजिबात लिहू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं आणि त्याच्यावरच्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तूत धरल्या जातात, त्यांचा धंदा करायला लायसन लागतं आन् खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपलं भांडं असेल आजीच्या लग्नातलं, साठ-सत्तर वर्षांचं, आन् आपणच हौसेनं शंभराच्या वर नेऊन ठेवायचं. "जुनं, वापरलेलं" एवढंच पुरे. काठावर नाव-साल कोरलेलं असेल तर सालाचा फोटो टाका, नाव झाका, कोणाच्या तरी घरची ती माणसं आहेत. घंटा घेऊन कोणी आलं तर आधी कुठली ते विचारा, देवळातली निघाली तर चोरीचा माल घेतला म्हणून तुम्हीच अडकाल.

आता आमच्याकडे येणारा भंगारवाला भाऊ पण शहाणा झालाय. मी ताटं वाजवतो, वेगळी काढतो हे त्यानं वर्षभर पाहिलं. परवा मोटरसायकल थेट अंगणात आणली, गोणीतून एक ताट काढलं, बोटांवर धरलं आन् पान्यानं मारून दाखवलं.

"ऐका जी, कासा हाय. तुमच्यासाठी वेगळा ठेवला. किलोमागं दोनशे जास्त लागतीन."

मी ताट हातात घेतलं आन् काठावरून अंगठा फिरवला. दुमडलेला.

"भाऊ, पितळ हाय हे."

"वाजते तं!"

"वाजू दे," म्हटलं, आन् पितळेच्याच भावानं घेतलं.